डावरा शॉर्टस्टॉप

१

रविवारची प्रार्थना आटोपली की आम्ही चर्चमधून थेट बंबवाल्यांच्या हॉलमध्ये जायचो. महिन्यातून एका रविवारी तिथे बेसबॉलच्या कार्डांचा बाजार भरायचा. आगीचे बंब बाहेर उन्हात उभे, आत लांबलचक टेबलं, आणि कोपऱ्यात चर्चच्या बायका पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, परतत बसलेल्या. एमिल, म्हणजे माझा नवरा, पिरोगीच्या रांगेत. मी लेस्टर बोगलच्या टेबलापाशी. हे इतकं ठरलेलं होतं की आत शिरल्यावर आम्ही एकमेकांकडे बघायचोसुद्धा नाही.

लेस्टरकडे काचेखाली महागडी कार्डं असायची, मोठमोठ्या खेळाडूंची. त्यांच्याकडे मी कधी ढुंकून पाहिलं नाही. माझं काम टेबलाखालच्या खोक्यांशी. ज्यांना कोणी विचारत नाही अशा खेळाडूंची कार्डं तो त्यात उभी भरून ठेवायचा, कुठलंही उचला, दहा सेंट. मी खुर्ची ओढून बसायचे, दोन बोटांनी कार्डं पुढे ढकलत जायचे आणि वेंडल मॅगर्ट शोधायचे.

वेंडल मॅगर्ट हे नाव तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही. आमच्या ओहायोत तरी किती जणांना आठवतं? शॉर्टस्टॉप होता. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभं राहायचं, येईल तो चेंडू डाव्या हातातल्या ग्लोव्हनं अडवायचा आणि उजव्या हातानं पहिल्या बेसकडे भिरकावायचा. तेवढं तो झकास करायचा. हातात बॅट दिली की मात्र सगळा आनंद होता.

पण तो आमचा होता. ज्या उन्हाळ्यात कारखान्यातल्या प्रेसखाली एमिलच्या उजव्या हाताची तर्जनी गेली, वरचं पेर नखासकट, त्याच उन्हाळ्यात संघाचा नेहमीचा शॉर्टस्टॉप जायबंदी झाला आणि वेंडलला बोलावणं आलं. एक मिनिट स्वस्थ न बसणारा हा माणूस बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन पोर्चमध्ये रेडिओजवळ बसून असायचा. "तो बदली कामगार, मी निकामी कामगार. आमचं जमणार," म्हणायचा. बँडेज सुटलं त्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि च्युइंगगमचं पाकीट घेऊन आला. त्या पाकिटांत तेव्हा अशी कार्डं यायची. आत वेंडल निघाला. "घे तुझा यार," म्हणत ते कार्ड त्यानं माझ्या हातात ठेवलं. कोपऱ्यावर त्याच्या मलमाचा पिवळा डाग पडला होता. ते कार्ड मी कधी फाइलमध्ये लावलं नाही. स्वयंपाकाच्या कृतींचे कागद ठेवते त्या पत्र्याच्या डब्यात ते एकटंच राहिलं.

आणि तेव्हापासून एमिलची ती खोड. त्याला काही सांगावं तर उजव्या हाताचं ते थोटं बोट वर करायचा आणि म्हणायचा, "अर्धं मिनिट." अख्खं बोट असतं तर अख्खं मिनिट मागितलं असतं, हा त्याचा विनोद. जगात एका माझ्याशिवाय यावर कोणी हसलं नाही. मीसुद्धा दर वेळी हसायचे असं नाही.

तर त्या रविवारी लेस्टर मला म्हणाला, "रीनी, वेंडलच्या आईकडे नसतील एवढी त्याची कार्डं तुझ्याकडे आहेत."

"त्याच्या आईनं वेळेवर लक्ष दिलं असतं तर बॅटिंग सुधारली असती," मी म्हटलं.

"तुला एक चांगला खेळाडू घेऊन देऊ का? नवऱ्याला सांग, वाढदिवसाला दे म्हणावं."

"नवराही मी असाच खोक्यातून उचललाय. तू आपली काच पूस."

आणि तेवढ्यात बोटाखाली वेंडल आला. त्याच्या तिसऱ्या वर्षाचं कार्ड. ते माझ्याकडे होतं, तेव्हा मी पुढे ढकलणारच होते, पण बोट थबकलं. ग्लोव्ह उजव्या हातात होता. चेंडू डाव्या.

माझ्या छातीत धडधडायला लागलं, आणि खोटं कशाला बोलू, आनंदानं. कार्ड जमवणारा माणूस अशा चुकांसाठी जीव टाकतो. छापताना कधीकधी निगेटिव्ह उलटं लागतं आणि उजव्या हाताचा माणूस डावरा होऊन बाहेर पडतो. आणि शॉर्टस्टॉप तर डावरा कधी नसतोच, त्या जागेवरून डाव्या हातानं फेकायचं तर अख्खं अंग फिरवावं लागतं, तोवर धावणारा बेसवर पोचलेला असतो. म्हणजे चूक नक्की. मी चेहरा सरळ ठेवला, कार्ड बाकीच्या चार फालतू कार्डांत दडपलं आणि लेस्टरला दाखवलं न दाखवलं करून पर्समध्ये टाकलं.

एमिल दोन्ही हातांत पिरोगीच्या ताटल्या घेऊन आला. माझ्याकडे एकदा बघून म्हणाला, "काय लुटलंस त्या गरिबाला?"

२

आमचं स्वयंपाकघर लहान आहे. खिडकीपाशी टेबल, त्याला लागून फ्रिज, फ्रिजवर रेडिओ, आणि रेडिओच्या शेजारी तळघराचं दार. मी टेबलावर फाइल उघडली. आमच्या फाइलला प्लॅस्टिकची पानं असतात आणि पानाला कप्पे. एका कप्प्यात दोन कार्डं पाठीला पाठ लावून ठेवायची, म्हणजे पान उलटलं की दुसरं दिसतं. मी जुनं कार्ड बाहेर काढलं आणि नव्याच्या शेजारी ठेवलं.

एकाच फोटोची दोन कार्डं. मागे तेच कुंपण, तीच धूळ. एक वेंडल उजवा, एक डावा.

"शाबास," एमिल म्हणाला. "उलटाच छापलाय लेकाचा." त्यानं ड्रॉवरमधून भिंग काढलं. वाकून बघत राहिला. मी कॉफीचं पाणी ठेवलं, कप काढले, साखर काढली, तरी हा गप्प. एमिल गप्प म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं.

"अक्षरं बघ," तो म्हणाला.

मी बघितली. छातीवर संघाचं नाव होतं. सरळ. डावीकडून उजवीकडे, नीट वाचता येणारं. टोपीवरचं अक्षर सरळ, पाठचा आकडा जेवढा दिसत होता तेवढा सरळ.

निगेटिव्ह उलटं झालं तर अक्षरंही उलटी व्हायला पाहिजेत. आमच्यातलं शेंबडं पोरही हे आधी तपासतं. लोभाच्या भरात मी तेवढंच विसरले होते.

"मग थट्टा केली असेल," मी म्हटलं. "फोटो काढणाऱ्याची फिरकी घ्यायला दुसऱ्याचा ग्लोव्ह घालून उभा राहिला असेल. करतात की असं."

"असेल," एमिल म्हणाला आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. "हनुवटी बघ."

वेंडलच्या हनुवटीवर चेंडू लागल्याची खूण होती, उजव्या बाजूला, कोयरीसारखी वाकडी. प्रत्येक कार्डावर दिसायची. जुन्या कार्डावर ती उजवीकडेच होती. नव्यावर डावीकडे.

निगेटिव्ह उलटं म्हणावं तर अक्षरं सरळ. थट्टा म्हणावी तर खूण कशी सरकली? मी एकदा हे धरायचे, एकदा ते, आणि दोन्ही हातांतून निसटायचं. मला हसू आलं, पण ते बरं हसू नव्हतं.

"कोणीतरी रंगवून दुरुस्त केलं असेल," मी म्हटलं. "कंपनीत माणसं असतात त्यासाठी."

"असतात," एमिल म्हणाला. "ते वेगळं ठेव हं रीनी. बाकीच्यांत नको."

मी हो म्हटलं. पण वेगळं म्हणजे कुठे? सुटं कार्ड कोपऱ्यात मुडपतं. तो पोर्चमध्ये गेल्यावर मी ते जुन्या कार्डाच्या पाठीला पाठ लावून त्याच कप्प्यात सरकवलं आणि फाइल बंद केली.

३

त्या आठवड्यात मी फाइल उघडली नाही. टोमॅटो डबाबंद करायचे होते, स्वयंपाकघर वाफेनं भरलेलं. पण कपाटापाशी गेलं की मला फाइलचा आवाज यायचा. प्लॅस्टिकची पानं एकमेकांना चिकटलेली असतात आणि सुटताना चर्र करतात, तो आवाज. उकाड्यानं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. उकाडा होताही.

शनिवारी दुपारी न राहवून उघडली. ते पान काढलं. डावरा वेंडल होता तिथेच होता. पान उलटलं. मागचा, माझा जुना, इतक्या वर्षांचा ओळखीचा वेंडल. त्याच्याही उजव्या हातात ग्लोव्ह.

मी खुर्चीवर बसले. मग एकेक कप्पा बघत गेले. त्याच्या पहिल्या वर्षाचं कार्ड, शेवटच्या वर्षाचं, बेसवर घसरताना, बाकावर टोपी मागे सारून बसलेला. जिथे ग्लोव्ह दिसत होता तिथे तो उजव्या हातात होता. जिथे ग्लोव्ह नव्हता तिथे खूण डावीकडे होती. अक्षरं सगळीकडे सरळ. कार्डांच्या मागच्या बाजूला खेळाडूची माहिती छापलेली असते, उंची, वजन, कुठल्या हातानं फेकतो. सगळ्यांवर 'डावा' होतं. जुन्या, पिवळ्या पडलेल्या शाईत.

मी पर्स आणि फाइल उचलली आणि तशीच लेस्टरच्या घरी गेले. तो अंगणात गवत कापत होता. यंत्र बंद करून त्यानं फाइल हातात घेतली, पानं चाळली.

"छान जमवलीस," म्हणाला. "मग? विकायची आहेत?"

"लेस्टर, वेंडल कुठल्या हातानं फेकायचा?"

"हा काय प्रश्न झाला? डाव्या."

"डावरा शॉर्टस्टॉप?"

"म्हणून तर लोक बघायला यायचे त्याला. नाहीतर त्याच्यात होतं काय? बॅट तर त्याला गवत कापायलाही उपयोगाची नव्हती." मग माझा चेहरा बघून त्याचा सूर बदलला. "रीनी, ऊन लागलंय का तुला? आत ये, पाणी पी."

मी पाणी प्यायले नाही. सरळ घरी आले. रस्ताभर मनात एकच भीती: एमिलही असंच म्हणाला तर? म्हणजे मीच. म्हणजे डोकं माझंच. माझी आई शेवटी शेवटी आम्हा बहिणींना एकमेकींच्या नावानं हाका मारायची. 

एमिल मागच्या दारी बिजागरीला तेल घालत होता. मी विचारलं. त्यानं तेलाची कुपी खाली ठेवली.

"उजव्या," तो म्हणाला. "यात विचारायचं काय? अख्खा उन्हाळा ऐकलाय मी त्याला. रेडिओवाला सांगायचा, मॅगर्टनं ग्लोव्ह आडवा टाकून चेंडू अडवला, वळला, उजवा हात फिरवला. मी हातात बँडेज घेऊन बसलो होतो आणि मला त्या उजव्या हाताचा हेवा वाटायचा. हे विसरीन मी?"

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडले. वेंडल गेला खड्ड्यात, लेस्टर गेला खड्ड्यात. मला आठवतंय ते याला आठवतंय ना, मग झालं. दोघांना मिळून वेड लागत नाही.

४

"जाळून टाक," मी म्हटलं. "सगळी फाइल. अंगणातल्या पिंपात घाल आणि काडी लाव."

सगळी पानं बघून झाल्यावर एमिल फाइल काखेत धरून उभा होता. मला त्याचा चेहरा आठवतो. भीती होती, पण त्यात ती दुसरीही गोष्ट होती, जी रविवारी खोक्यात हात घालताना माझ्या चेहऱ्यावर असायची.

"जाळायला काय, कधीही जाळता येईल," तो म्हणाला. "पण असं कार्ड पुन्हा मिळायचं नाही, रीनी. ते तेवढं बाहेर काढतो आणि हत्यारांच्या पेटीत कुलूप लावून ठेवतो. लोखंडी पेटी आहे. पुढचं पुढे."

"एमिल, तू लहान आहेस का?"

त्यानं तळघराचं दार उघडलं. उजव्या हाताचं ते थोटं बोट वर केलं. "अर्धं मिनिट," म्हणाला आणि खाली गेला. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता.

आमच्या तळघराला लाकडी जिना आहे. चढताना उजव्या हाताला भिंतीशी लोखंडी नळीचा कठडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. खाली कपडे धुवायचं यंत्र, घर तापवायची भट्टी आणि एमिलचं कामाचं टेबल. मी वरती दारापाशी उभी होते. दिवा लागल्याचा खट्ट आवाज आला. फाइलच्या कड्या उघडल्याचा आला. मग पानं सुटल्याचा, चर्र.

मग थप्प.

चामड्यावर चेंडू बसतो तसा तो आवाज होता. थोडं थांबून पुन्हा थप्प. मी म्हटलं, पेटीचं झाकण असेल. पेटीचं झाकण लोखंडाचं आहे, ते असं वाजत नाही, हेही मला माहीत होतं. त्याच्यामागून, खूप लांबून, माणसांचा कल्ला ऐकू आला. भरल्या मैदानाचा, उन्हाळ्याच्या दुपारचा. रेडिओ लावलाय यानं, मी म्हटलं, आणि मला हायसं वाटलं. नंतर माझी नजर वर गेली. रेडिओ फ्रिजवर होता.

"एमिल," मी हाक मारली.

कल्ला थांबला. सगळंच थांबलं. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, पण पुढचा टाकवेना. तेवढ्यात खालून पावलं वाजली, आणि तो वर यायला लागला. जरा दमलेली, जड पावलं, त्याचीच. आणि प्रत्येक पावलाबरोबर एक बारीक आवाज. टिक. टिक. टिक. धातूवर धातू.

या घरात मी तीस वर्षं काढली आहेत. एमिलनं तो जिना किती वेळा चढला असेल. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कसला आहे ते कळेना.

तो वर आला, दार लावलं, माझ्याकडे बघून हसला. "झालं," म्हणाला. फाइल टेबलावर ठेवली. "कशाला कुलूप लावायचं? चांगली कार्डं आहेत." आणि फ्रिज उघडून बिअरची बाटली काढली. डाव्या हातानं.

मी बाटली बघितली, मग हात. डाव्या हाताची तर्जनी वरच्या पेरापाशी संपत होती. तेच गुळगुळीत थोटं टोक, तोच वाकडा टाका. मग त्यानं दुसरा हात झाकण उघडायला पुढे आणला. लग्नाची अंगठी, जी कायम डाव्या हातात असायची, त्या उजव्या हातात होती. कठड्यावर तीच वाजत आली होती. आणि उजव्या हाताची तर्जनी अख्खी होती. तिला नख होतं. नीट कापलेलं, गुलाबी नख.

मी टेबलाची कड धरली. 

"काय गं, भूत बघितल्यासारखी?" तो म्हणाला. आवाज एमिलचा. चिमटा काढायची लकब एमिलची. भांग मात्र दुसऱ्या बाजूला. "बस. फिकी पडलीस."

"वेंडल," मी कसंबसं म्हटलं. "वेंडल कुठल्या हातानं फेकायचा?"

त्यानं बाटली ओठांना लावली आणि मान हलवली. "डाव्या. तुझा यार, आणि मला विचारतेस?"

५

मी आमच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि डार्लीनला फोन केला. डार्लीन माझी मुलगी, कोलंबसला असते. मागे तिच्या पोरांचा दंगा चालला होता.

"बाबांचं बोट कुठल्या हाताचं गेलं गं?" मी विचारलं.

"आई, काय झालंय?"

"सांग ना. विम्याच्या माणसानं विचारलंय."

"डाव्या. म्हणून तर त्यांना गाडीच्या खिडकीचं हँडल फिरवायला त्रास व्हायचा, मी मागे बसून हसायचे. आई, तू बरी आहेस ना? बाबांना फोन दे बघू."

मी फोन ठेवला. माझ्या पोरीच्या लहानपणात तो डाव्या हातानं हँडल फिरवत होता, आणि माझ्या लग्नात उजव्या. भिंतीवर तिच्या पदवीच्या दिवसाचा फोटो आहे. एमिलचा हात तिच्या खांद्यावर. तो हात डावा होता आणि बोट थोटं होतं. हा फोटो मी दर शनिवारी पुसते. उलटं निगेटिव्ह, माझं मन लगेच म्हणालं, फोटोवाल्यानं उलटं छापलं असेल. इतक्या वर्षांची सवय, जीव जातानाही तेच सुचेल मला. पण त्यांच्या डोक्यांच्या वर, मागे, महाविद्यालयाचं नाव लिहिलेली पट्टी होती, आणि ते नाव मला सरळ वाचता येत होतं.

पलंगावर बसले. बाहेर तो शीळ घालत होता. एमिल शीळ घालतो तशीच, सूर तोच. मी स्वतःला म्हटलं, रीनी, सगळं जग एकीकडे आणि तू एकीकडे. लेस्टर, डार्लीन, भिंतीवरचा फोटो. माणूस तोच आहे, प्रेमानं बोलतोय, बस म्हणतोय. बोट या हाताचं गेलं की त्या, काय फरक पडतो? आणि खरंच, मी जवळजवळ ऐकलं होतं. उठून तोंड धुवायला निघाले होते.

मग तो पत्र्याचा डबा आठवला.

त्यातलं कार्ड कधी फाइलमध्ये गेलं नव्हतं. कुठल्याच कार्डाच्या पाठीला लागलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेले. तो पोर्चमध्ये होता, झुलत्या खुर्चीचा आवाज येत होता. मी डबा काढला. झाकण करकरलं. केकच्या कृती, लोणच्याच्या कृती, माझ्या आईच्या अक्षरातले कागद, आणि तळाशी कार्ड. कोपऱ्यावर पिवळा डाग.

वेंडल उजव्या हातानं फेकत होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कार्ड धूसर झालं. पदरानं पुसतात तसं मी ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं आणि भिंग घेतलं. खूण उजवीकडे. ग्लोव्ह डाव्या हातात. म्हणजे मी वेडी नव्हते. एवढंच बघायचं होतं मला, आणि बघून झालं होतं. भिंग खाली ठेवायला हवं होतं.

वेंडलच्या मागे प्रेक्षकांच्या रिकाम्या बाकड्यांची रांग आहे. हे कार्ड मी डोळे मिटून काढून दाखवीन. तिथे कोणी नसतं. राखाडी बाकडी आणि कठडा. आता कठड्यापाशी एक माणूस उभा होता. मुगाच्या दाण्याएवढा. निळ्या चौकड्यांच्या शर्टात. तो खेळाकडे बघत नव्हता, इकडे बघत होता, माझ्याकडे. त्याचा उजवा हात वर होता. मला आधी वाटलं, हात हलवतोय, किंवा मदतीला बोलावतोय. भिंग जवळ नेलं. मूठ मिटलेली होती आणि एकच बोट वर होतं. ते बोट अर्धं होतं.

झुलत्या खुर्चीचा आवाज थांबला होता. कधी थांबला, माझं लक्ष नव्हतं.

६

तो दारात उभा होता. हातात फाइल. घाईनं आत आला नाही, रागावला नाही. नुसता उभा राहिला. एमिल कधी असा उभा राहू शकला नाही.

"झाकणाचा आवाज आला," तो म्हणाला. "तिथे अजून एक आहे, नाही का?"

"कृतींचे कागद आहेत," मी म्हटलं. कार्ड मी ॲप्रनच्या खिशात सारलं होतं. हात खिशातच होता.

"रीनी." किती प्रेमानं म्हणाला. तो टेबलापाशी आला, फाइल उघडली, त्या अख्ख्या, गुलाबी नखाच्या बोटानं पानं उलटत गेला. चर्र, चर्र. एका पानावर थांबला. सगळे कप्पे भरलेले, डावऱ्या वेंडलनी. मधला एक रिकामा होता. त्यात आधी काय होतं ते मला आठवेना.

"एकटं कशाला ठेवायचं त्याला?" तो म्हणाला. "इथे जागा आहे. पाठीला पाठ लावून बसेल. आण."

त्यानं हात पुढे केला, डावा. थोटं बोट, वाकडा टाका. मी त्या टाक्याला रोज मलम लावलं होतं एक अख्खा उन्हाळा. दुसऱ्या हाताच्या टाक्याला. तरी हा हात धरावासा वाटला, हे मला सांगायलाच हवं. त्याच्या डोळ्यांत माझ्याविषयी काळजी होती. मला वाटलं, देऊन टाकावं. वाटलं, इतक्या वर्षांचा माणूस आहे, कुठल्या का हातानं होईना, जेवायला समोर बसेल.

खिशात कार्डाचा कोपरा माझ्या तळव्याला टोचत होता.

मी त्याच्याकडे बघितलं. मग रिकामा हात खिशाबाहेर काढला आणि बोट वर केलं. ते अर्ध्यावर दुमडलं, दुसऱ्या पेरापाशी, जसं मी तीस वर्षांत त्याला चिडवायला कितीदा तरी केलं होतं. एमिल असता तर एवढ्यानंच हसला असता.

"अर्धं मिनिट," मी म्हटलं.

तो माझ्या बोटाकडे बघत राहिला. मग आपल्या बोटाकडे. त्याला खरंच कळत नव्हतं.

"अर्धंच का?" त्यानं विचारलं.